पाहुणी पेशी

१

शाळेतून आले की दप्तर टेकवायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि खिडकीजवळच्या उंच स्टुलावर चढून बसायचे, हा भिंगूचा रोजचा नेम होता. समोर मायक्रोस्कोप, डावीकडे तपासायच्या स्लाइड्स, उजवीकडे तपासलेल्या. तिचे खरे नाव शाळेच्या हजेरीपुरते होते. घरात बाबांनी भिंगावरून भिंगू करून टाकले होते, कारण वर्गात जिच्या तोंडून शब्द फुटत नसे तिच्या नजरेतून काचेवरची चूक कधी सुटत नसे.

बाबा शाळा-कॉलेजांसाठी स्लाइड्स बनवत. कांद्याचा पापुद्रा, माशीचा पाय, माशाचा खवला असे बरेच काही, पण सगळ्यात जास्त मागणी होती ती बेडकाच्या अस्थिमज्जेला. बेडकाच्या मांडीचे हाड ते काय, आगपेटीतल्या काडीएवढे. त्याची दोन्ही टोके कातरली की आतून लालसर ओला ठिपका निघे. बाबा तो काचेवर पसरत, वाळवत आणि रंगाच्या बरणीत काच उभी करत. रंगून बाहेर आली की वरून कागदासारखे पातळ काचेचे झाकण चिकटवून टाकायचे. मग ती काच वर्षानुवर्षे तशीच राही.

“रक्ताचा कारखाना आहे हा,” बाबा म्हणत. “आणि आपण काय केलं, तर काम ऐन भरात असताना सगळ्यांना ‘थांब’ म्हटलं. कोणी कोवळं, कोणी अर्धं, कोणी तयार. जो तो जिथल्या तिथे.”

त्यातली चांगली जागा शोधायची आणि काचेवर शाईचा ठिपका द्यायचा, हे भिंगूचे काम. आणि पाहुण्या शोधायच्या. बरणीत कधीकधी एका काचेवरची पेशी सुटते, तरंगते आणि भलत्याच काचेवर जाऊन बसते. घरात तिला ‘पाहुणी’ म्हणत. ती ओळखायची युक्तीही सोपी होती. पाहुणी नेहमी बाकीच्यांच्या वर बसते. मायक्रोस्कोपाचे फोकसचे बारीक चाक जरा फिरवले की घरच्या पेशी अंधूक होतात आणि पाहुणी तेवढी स्पष्ट दिसते.

डोळा लावायच्या नळीत, म्हणजे आयपीसमध्ये, एक बारीक काळी रेघ दिसे. पेशीवर बोट ठेवता येत नाही, म्हणून बाबांनी आत काटा बसवला होता. तो काटा म्हणजे ताईच्या पापणीचा एक केस. माणसाच्या अंगावर इतके सरळ आणि टोकदार दुसरे काही नसते, असे बाबांचे म्हणणे. ताई त्यावरून ऐट मिरवायची. “तुमचा धंदा माझ्या एका केसावर उभा आहे, विसरू नका.”

२

आई गेल्यापासून भिंगूच्या वेण्या ताईच घालायची. ऑर्डरी घेणे, खोकी बांधणे, पैसे थकवणाऱ्या कॉलेजांना फोनवर गोड बोलून घायकुतीला आणणे, हेही तिचेच. भिंगू जेवताना गप्प बसली की ताई बेडकाची नक्कल करायची. मागच्या अंगणात सिमेंटच्या टाकीत बेडूक पाळलेले होते, त्यांचे सगळे चाळे दोघींना पाठ. बेडूक गिळताना डोळे मिटतो, कारण त्याचे डोळे आत दबतात आणि घास खाली ढकलतात. पाणी तो तोंडाने पीत नाही, कातडीने शोषतो, आणि श्वास घेताना त्याची छाती नाही, गळा हलतो. ताई घास तोंडात घेऊन डोळे गच्च मिटायची, मान आत ओढायची आणि भिंगू ठसका लागेपर्यंत हसायची.

“पण एक जमत नाही बाई,” ताई म्हणायची. “त्यांची खालची पापणी वर चढते. ते कसं करायचं माणसाने?”

मग ताईच्या दंडावर निळे डाग उठू लागले. कुठे आपटले ते तिला आठवत नव्हते. जिना चढताना ती मध्येच बसू लागली. डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली आणि बाबांना बाहेर बोलावून सांगितले, की तिची मज्जा रक्त बनवायचे विसरली आहे.

“कारखान्याला कुलूप,” ताई म्हणाली. “निदान संपाचं कारण तरी सांगायचं कामगारांनी.”

कोणी हसले नाही. तिला हॉस्पिटलात ठेवून घेतले.

तिथल्या लॅबमधले काका बाबांचे जुने मित्र. बाबांनी त्यांच्याकडून ताईच्या मज्जेची एक जादा काच मागून आणली, न रंगवलेली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. आणि हाताला सवय होती म्हणून म्हणा, किंवा डोके ठिकाणावर नव्हते म्हणून, त्यांनी ती काच नेहमीच्याच बरणीत उभी केली. ती बरणी ते कधी रिकामी करत नसत. रंग कमी झाला की वरून नवा ओतायचा. खाली कितीतरी बेडकांचा गाळ.

काच रंगून निघाली. बाबांनी झाकण चिकटवले, मायक्रोस्कोपाखाली ठेवली, पाहिली आणि उठून मागच्या अंगणात निघून गेले.

भिंगू स्टुलावर चढली. जिथे पेशींची दाटी असायला हवी तिथे नुसती चरबीची गोल गोल रिकामी भोके होती. सुट्टीच्या दिवशीच्या शाळेसारखे. ती काच सरकवत राहिली. अगदी कडेला, जिथे काटा आपोआप येऊन थांबला, तिथे एक पेशी होती. कोवळी, गडद निळी, मोठ्या जांभळ्या केंद्रकाची.

“बाबा! एक आहे!”

बाबा धावत आले, त्यांनी डोळा लावला. “पाहुणी असेल गं,” ते मऊ आवाजात म्हणाले. “बरणी बेडकांची आहे. चूक माझीच.”

ते गेल्यावर भिंगूने बारीक चाक फिरवले. भोकांच्या कडा अंधूक झाल्या. पेशीही त्यांच्याबरोबरच अंधूक झाली. चाक उलटे फिरवले तेव्हा दोन्ही एकदमच स्पष्ट झाली.

पेशी वर बसलेली नव्हती. ती तिथलीच होती.

३

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने आधी तीच काच काढली. आता तिथे दोन पेशी होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.

भिंगू विचार करणारी मुलगी होती. काल घाईत दुसरी पेशी दिसली नसेल, असे तिने ठरवले. आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काचेवर त्या जागेभोवती शाईने गोल काढला.

त्यानंतर त्या गोलात पाचसहा झाल्या. मग एक पुंजका झाला.

पाहुण्या याव्यात तर वाट कुठून? वर झाकण पक्के चिकटलेले होते. नखाने ओरबाडून पाहिले, ते हलले नाही. आणि त्या पेशी तर मेलेल्या. बरणीत घालण्यापूर्वीच औषधाने मारून स्थिर केलेल्या. थांबवलेली पेशी पुन्हा चालू लागत नाही, हे तिला कळत होते. डोळे शिणले असतील म्हणून तिने ते गार पाण्याने धुतले. मायक्रोस्कोपाखालचा आरसा पुसला. काच डब्यात ठेवून खाली बसून गणिते केली आणि नंतर पुन्हा पाहिले.

पुंजका होता. त्यातल्या काही पेशी आता निळ्या राहिल्या नव्हत्या. करड्या झाल्या होत्या, जरा मोठ्या झाल्यासारख्या.

त्याच संध्याकाळी बाबा हॉस्पिटलातून आले ते चपला न काढताच घरात शिरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता. “भिंगू, औषध लागू पडतंय! डॉक्टर म्हणाले, मज्जा जागी होतेय!”

त्यांनी तिला उचलायचा प्रयत्न केला, आणि ती केवढी मोठी झालीय हे लक्षात येऊन दोघेही अवघडून हसले. काचेबद्दल तिने काही सांगितले नाही. सांगून काय म्हणायचे होते? ताई बरी होत होती.

४

ताई घरी आली तेव्हा गालांवर रंग होता. औषधांनी केस गेले होते, ते टाळूवर बारीक लव होऊन परत येऊ लागले होते. भुवया आणि पापण्यांचे केस मात्र आले नव्हते. उघड्या, गुळगुळीत पापण्यांमुळे डोळे मोठे आणि जरा बाहेर आल्यासारखे दिसत.

“बघतेस काय?” ताई म्हणाली. “जगात माझ्या पापणीचा एकच केस शिल्लक आहे आणि तो बाबांच्या मायक्रोस्कोपात आहे. त्याचं भाडं लावणार आहे मी.”

ताईच होती ती. तोच आवाज, तेच टोमणे. भिंगूने तिच्या कुशीत तोंड खुपसले. ताईचे अंग गार होते, खिडकीच्या काचेसारखे. पण आजारातून उठलेले माणूस, गार असायचेच.

ताईच्या उशाशी भिंगू पाण्याचा तांब्या भरून ठेवी, वर पेला पालथा. दुपारी घरी येऊन पाही, तर तांब्या भरलेला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितले होते.

“अगं, पाणी प्यायली नाहीस?”

“तहानच नाही गं. आत्ताच अंघोळ केली ना.”

सकाळी केली होती. आत्ता पुन्हा केली होती. आणि टॉवेल कोरडा होता.

जेवताना भिंगू ताईच्या समोर बसली होती. ताईने घास घेतला, चावला, डोळे मिटले आणि गिळला. दुसरा घास, पुन्हा डोळे मिटले. भिंगूला हसू आले. किती दिवसांनी!

“पुरे गं ताई, ठसका लागेल मला.”

“का? काय झालं?”

“नक्कल.”

“कसली नक्कल?” ताईने विचारले, आणि डोळे मिटून घास गिळला.

बाबा ताटात पाहत होते. ते म्हणाले, “जेवू दे तिला, भिंगू. भूक लागतेय हे काय कमी आहे?”

५

बाबांनीच कधीतरी शिकवलेली एक गोष्ट भिंगूच्या डोक्यातून जाईना.

लाल पेशी कोवळी असताना माणसाची काय आणि बेडकाची काय, जवळजवळ सारखीच दिसते. निळी, गोल, पोटात मोठे केंद्रक. फरक पडतो तो शेवटी. माणसाची पेशी तयार होताना आपले केंद्रक बाहेर टाकून देते आणि मधून चेपलेल्या गोल चकतीसारखी रिकामी होऊन रक्तात उतरते. बेडकाची पेशी केंद्रक टाकत नाही. ती लांबट होते, वालाच्या दाण्यासारखी, आणि ते पोटातच ठेवून जन्मभर फिरते.

म्हणजे थांबून पाहायचे. दुसरे करण्यासारखे काही नव्हते. शाईच्या गोलातल्या पेशी करड्याच्या गुलाबी होत होत्या. त्यांची केंद्रके आक्रसून काळपट होत होती. आता बाहेर पडतील. आज नाही तर उद्या पडतील. भिंगू वर्गात बसली तरी डोळ्यांपुढे तोच गोल असे. बाईंनी तिला उभे करून काहीतरी विचारले, तर तिच्या तोंडून निघाले, “अजून टाकलं नाही.” सगळा वर्ग खिदळला.

घरी धावत येऊन ती डोळा लावी. टाक ना. टाक. माझी ताई आहेस ना तू, मग टाकून दे ते.

एका दुपारी तिला एक पेशी लांबट वाटली. काच तिरकी ठेवली गेली असेल म्हणून तिने ती काढून नीट बसवली.

त्यानंतर गोलात लांबट नसलेली एकही पेशी नव्हती. प्रत्येकीच्या मधोमध एक काळा डोळा होता. आणि त्या सगळ्या काट्याभोवती दाटीने बसल्या होत्या, टाकीतले बेडूक खायला घातल्यावर जमतात तशा.

तिने चाक फिरवले. पुन्हा फिरवले. एकही वर बसलेली नव्हती.

६

लॅबवाल्या काकांचा फोन आला तेव्हा बाबा खोकी बांधत होते. हात चिकट म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“काय रे कारखानदार,” काका हसत म्हणाले, “तुझा माल माझ्याकडे पोचतोय की!”

“म्हणजे?”

“अरे, पोरीचं रक्त तपासायला घेतलं. यंत्र पांढऱ्या पेशी भलत्याच दाखवायला लागलं. म्हटलं, केंद्रक दिसलं की यंत्र लाल पेशीलाही पांढरी समजतं, कोवळ्या बाहेर पडत असतील. म्हणून काच काढून स्वतः पाहिली. तर सगळे बेडूक! परवा आलास तेव्हा तुझी एक काच माझ्या ट्रेमध्ये ठेवून गेलास बघ. मी मेला तासभर डोकं खाजवत बसलो.”

बाबाही हसले. जरा उशिराच हसले. “असेल, असेल. वय झालं आपलं.”

“पोरीला पाठव पुन्हा. परत रक्त घेऊ.”

“पाठवतो ना. ठीक आहे ती. छान जेवते. पाठवतो सवडीने.”

फोन बंद झाला. बाबा सुतळीची गाठ मारत राहिले. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी.

परवा ताईचे रक्त द्यायला गेले तेव्हा बाबांबरोबर भिंगूही होती. त्यांच्या हातात फळांची पिशवी होती आणि छत्री. काच नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली.

“तुला अभ्यास नाही का?” त्यांनी मान वर केली नाही. आणि तेव्हा भिंगूच्या लक्षात आले, की ताईची काच रंगवली त्या दिवसापासून बाबांनी मायक्रोस्कोपाला एकदाही डोळा लावलेला नव्हता. खिडकीजवळ यायचे झाले तरी ते स्टुलाला वळसा घालून जात.

७

बिघडलेल्या स्लाइड्स टाकायला कोपऱ्यात तेजाबाची बरणी होती. त्यात काच सोडली की झाकण निघे, पेशी जळून जात, आणि उरे ती कोरी काच. भिंगूला तिच्या जवळ जायची परवानगी नव्हती. दुपारी बाबा पार्सले द्यायला गेले, तेव्हा तिने त्यांचे जाड हातमोजे चढवले आणि बरणीचे झाकण काढले. घशात खवखवले.

ताईची काच तिने चिमट्यात धरली. खिडकीच्या उजेडात शाईचा गोल दिसत होता, आणि नुसत्या डोळ्यांनाही दिसेल असा त्यात तांबूस ठिपका. पूर्वी तिथे काही नव्हते.

जाळून टाकली तर हे थांबेल. पण काय थांबेल? काच रिकामी होती तेव्हा ताई जिना चढू शकत नव्हती. दंडावर डाग होते. डॉक्टर बाबांना बाहेर बोलावून बोलत होते. भिंगूने मनातल्या मनात मागितले होते ते एवढेच, की ताई घरी यावी. कशाने, हे तिने मागताना सांगितले नव्हते.

बरणीतून धुरासारखे काहीतरी वर येत होते.

“भिंगू.”

ताई दारात उभी होती. अनवाणी. मोरीच्या ओल्या फरशीवरून आली असावी, पण पावलांचे ठसे उठले नव्हते. पाणी जणू तिच्या तळव्यांतच मुरले होते.

“त्या बरणीजवळ काय करतेस? बाबा ओरडतील.”

“काही नाही.”

“माझी आहे ना ती?”

ताई जवळ आली. तिचा गळा हनुवटीखाली हलत होता, भराभर, आत-बाहेर. छाती मात्र स्थिर होती.

“मला बरं वाटतंय गं,” ताई म्हणाली. आवाज तिचाच होता. वेणी घालताना केस ओढले गेले की ज्या आवाजात ती ‘झालं, झालं’ म्हणे, तोच. “आता कुठे बरं वाटतंय. तुला नकोय का?”

बाहेरून सूर्य खिडकीत आला होता. ताईच्या तोंडावर सरळ ऊन पडले, आणि तिने डोळे मिटले.

वरची पापणी हलली नाही. खालून काहीतरी वर चढले. पातळ, ओले, उजेड आरपार जाणारे. ते सावकाश बुबुळावरून वर गेले आणि त्याच्या आडून ताई तिच्याकडे पाहत राहिली.

मग ते खाली उतरले.

“काय झालं?” ताईने विचारले. तिला खरेच कळले नव्हते.

भिंगूने चिमटा मागे घेतला, काच टेबलावर ठेवली आणि बरणीचे झाकण लावले. हातमोजे काढायला बराच वेळ लागला. ताईने ते ओढून काढायला मदत केली, आणि तिची गार बोटे भिंगूच्या मनगटाला जरा चिकटून मग सुटली.

“वेण्या सुटल्यात बघ तुझ्या,” ताई म्हणाली. “बस इथे. घालून देते.”

भिंगू पाठ करून बसली. समोर मायक्रोस्कोप होता. वेणी होईपर्यंत कुठे पाहायचे म्हणून तिने आयपीसला डोळा लावला. खाली काच नव्हती, नुसता पांढरा उजेड होता. त्यात ताईच्या पापणीचा केस होता, सरळ आणि काळा. तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही.

८

बाबा परतले तेव्हा ताईने जेवण मांडले होते. तिघेही बसले. बाबांनी ताईला आग्रहाने वाढले. ती डोळे मिटून गिळत होती, आणि कॉलेजच्या कारकुनाची नक्कल करून सांगत होती, की तो पैसे द्यायच्या वेळी कसा अडखळतो. भिंगू हसली. हसू आले, कारण नक्कल खरोखरच चांगली होती.

ताईचा पेला भरलेला होता. बाबांनी तो हळूच स्वतःकडे ओढला आणि पिऊन टाकला. रिकामा पेला त्यांनी पुन्हा तिच्या ताटाजवळ ठेवला.

भिंगूने ते पाहिले. बाबांनी ती पाहतेय हे पाहिले.

ताई हात धुवायला मोरीत गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि सुरूच राहिला. बाबा दाराकडे पाठ करून, ताटात बोटाने रेघा ओढत बसले होते.

“भिंगू,” ते म्हणाले, “काचा तपासल्यास आज?”

“हो.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

आत पाणी वाहत होते. बाबा ऐकत होते.

“पाहुणी कुठे आढळली का?”

भिंगूने आपला पेला उचलला आणि गार पाणी सावकाश प्यायली.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “सगळ्या घरच्याच आहेत.”